केळी पिकवायच्या खोलीत उगवलेलं जंगल

केळीवाल्या माणसाला बी कळत नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. यावल तालुक्यात आमच्या घराण्याने सात पिढ्या केळी लावली, आणि केळीला बी नसतं. कंद असतो. तो उपटायचा, तासायचा, औषधाच्या पिंपात बुचकळायचा आणि खड्ड्यात बसवायचा. हल्ली तर प्रयोगशाळेतून छोट्या पिशव्यांत बसून रोपंच येतात, पहिल्या दिवशी शाळेत आणलेल्या पोरांसारखी रांगेत उभी. त्यामुळे बी कधी झोपतं, कधी उठतं, कशाने रुसतं, याचं ज्ञान आमच्यात कोणालाच नाही. आमच्या गावात एखाद्याने बोराची आठळी थुंकली आणि तिथं बोरीचं रोप आलं, तर लोक नारळ घेऊन बघायला येतात. हे थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर पायलट झालो. विमानाचा नाही, फवारणीच्या ड्रोनचा. थोड्या दिवसांचं शिक्षण, एक परीक्षा, एक प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र बायकोने देवघराशेजारी लावलं, आणि पाहुण्यांना आरतीचं ताट दाखवावं तसं ती ते दाखवायची. माझ्यासोबत माझा साडू. तो धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पिकअप चालवायचा, जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळायचा आणि माझं बोलणं ऐकायचा. ही शेवटची मेहनत सगळ्यात मोठी, असं तो म्हणायचा. कारण मी बोलायला लागलो की थांबत नाही. धरणगावकडे कापसावर फवारणी करून आलो की सांगायचो, ड्रोनच्या पंख्यांनी असा वारा सुटला की खाली निंदणाऱ्या बाईचा रुमाल उडाला, तो बोदवडच्या स्टेशनवर गाडीच्या खिडकीत अडकलेला सापडला. लोक हसायचे, चहा सांगायचे. साडू मान हलवायचा.

"तुन्हं बठ्ठं खोटं शे, भाऊ," तो म्हणायचा. "पन आयकाले गोड लागस. तुन्हं बोलनं आयकीसन दगडले बी पाला फुटी."

दगडाला पाला फुटायची गोष्ट खरोखरच निघाली, ती टेकडीमुळे.

आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुड्याची पहिली पायरी म्हणावी अशी एक टेकडी आहे. गावाचं गायरान. खाली केळीच्या बागा इतक्या हिरव्या की डोळ्यांना थंडी वाजते, आणि लगेच वर ही टेकडी, न्हाव्याने वस्तरा फिरवल्यासारखी बोडकी. एके काळी तिच्यावर अंजन, धावडा, सालई असं दाट रान होतं म्हणतात. ते कोणी तोडलं हे विचारू नये. आमच्या घरांचे वासे बोलायला लागतील. राहिले होते फक्त खुंट, वितभर उंचीचे, आणि त्यांना कुठे दोन पानं फुटली की ती कोणत्या ना कोणत्या शेळीच्या पोटात जायची.

त्यातल्या बऱ्याच शेळ्या अक्काच्या. अक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. टेकडीच्या पायथ्याला आठ-दहा घरांची वस्ती आहे, तिथलं शेवटचं घर तिचं. नवरा कधीच गेला, शेत कधी नव्हतंच. वीसएक शेळ्या, हा तिचा सगळा संसार. गावातल्या इतर बाया पहाटे केळीच्या बागांत मजुरीला जायच्या. अक्का आयुष्यात एक दिवस कोणाच्या बांधावर मजुरीला गेली नाही. "माह्या शेळ्या हायेत तोवर मी कोनाची मजूर नाही," हे तिचं वाक्य. ते ती अशा थाटात म्हणायची की मोठमोठ्या बागाईतदारांनी मान खाली घालावी.

पण टेकडीवर चारा संपत चालला होता. शेळ्यांची हाडं दिसायला लागली होती. वरच्या खुंटांकडे बघत अक्का म्हणायची, हे रान एकदा वर आलं तर माझी म्हातारपणाची सोय. नाही आलं तर विळा घ्यायचा आणि जायचं केळीत.

अशात शहरातल्या एका संस्थेचे साहेब आले. उजाड जमिनीवर ड्रोनने बियांचे गोळे टाकून जंगल उभं करायचं, अशी त्यांची योजना होती. चढायला अवघड उतारावर माणूस दिवसभरात जेवढं लावेल तेवढं यंत्र एका उड्डाणात टाकतं. गोळा म्हणजे माती, शेणखत आणि मधे बी. पाऊस आला की माती सुटते, बी रुजतं. तालुक्यात ड्रोनवाला कोण, तर मी. गोळे बनवणार कोण, तर गाव. अट एकच: तीन पावसाळे टेकडीवर एकही जनावर जाता कामा नये.

मारुतीच्या पारावर सभा झाली. साहेब चांगले होते, पण त्यांचं बोलणं सरकारी पाण्याच्या टाकीसारखं, उंच आणि कोरडं. लोक जांभया द्यायला लागले. मग माईक माझ्याकडे आला, आणि एकदा माईक माझ्याकडे आला की तो पोलिसांनी येऊन सोडवावा लागतो.

मी सांगितलं की पाच वर्षांत टेकडीवर एवढं रान होईल की खालच्या बागांना दुपारी कंदील लागेल. मी सांगितलं की अंजनाची पानं एवढी गळतील की शेळ्या खाऊन खाऊन गाभण आहेत की नुसत्या भरलेल्या, हे डॉक्टरला ओळखता येणार नाही. आणि मी असंही सांगितलं की माझा ड्रोन रोज वरून टेकडी बघणार, कोणाची शेळी, कोणाचं वासरू, सगळ्यांचे फोटो थेट साहेबांच्या मोबाईलवर. हे साफ खोटं होतं. साहेबांनी माझ्याकडे चमकून बघितलं आणि हातातल्या कागदांत डोकं घातलं.

अक्का पाराच्या कडेला बसली होती. ती उठली.

"काय रे पायलट," तिने विचारलं, "तुह्या त्या भिंगरीनं झाडं लागतीन का? खरं सांग. मले शेळ्या बांधाव्या लागतीन तीन वर्सं. बांधलेली शेळी अर्ध्यानं कमी होते. मी हे करू का नको, तेवढं सांग."

सगळा पार माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "अक्का, तिसऱ्या पावसाळ्यात तू शेळ्या घेऊन वर जाशील आणि त्या तुला सापडणार नाहीत, एवढं रान असेल. माझा शब्द."

"तुहा शब्द," अक्का म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही. पण तिने हो म्हटलं, आणि तिने हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही, कारण सगळ्यात जास्त शेळ्या तिच्या.

मे महिन्यात गोळे वळायला सुरुवात झाली. अख्खं गाव बसलं. अंजन, करंज, पळस, बाभूळ, असं बी साहेबांनी पोत्यांतून पाठवलं होतं. बायांनी लाडू वळावेत तसे गोळे वळले, आणि एका आजीने सवयीने दोन-चार गोळ्यांवर मनुकाही खोचल्या असत्या, हाताशी असत्या तर. अक्का मुद्दाम खाली आली होती. तिने दोन गोळे हातात घेऊन बघितले आणि मला म्हणाली, "सावलीत वाळव. खडखडीत. मग पोत्यात भर आन् आढ्याले टांग. बी झोपू दे. त्याले पावसानंच उठवावं, दुसऱ्या कोनी नाही."

हे तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं, कुठे ऐकण्यात चूक झाली का. नाही झाली.

पण आमचा मे महिना तुम्हाला माहीत नाही. आमच्याकडे मे महिन्यात कोंबडी उकडलेलं अंडं घालते. सावली स्वतःच सावली शोधत फिरते. अशा उन्हात घराच्या पत्र्याखाली बी टांगायचं म्हणजे ते भाजून फुटाणे होणार, असं आम्हा केळीवाल्यांच्या डोक्यात आलं. आणि आमच्याकडे मौल्यवान वस्तू उन्हापासून वाचवायची एकच जागा: केळी पिकवायची खोली.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड भिंतींची, बंद दाराची, यंत्राने गार ठेवलेली खोली. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत ठेवायची, हवा ओली ठेवायची, पिकवायचा गॅस सोडायचा. चार-पाच दिवसांनी सगळी केळी एकसारखी पिवळीधमक बाहेर. आमच्या गावात ही खोली आबांची. आबा म्हणजे गावातले सगळ्यात जुने केळीवाले, आणि त्यांची खोली म्हणजे गावाचा दुसरा गाभारा. लग्नातले हार तिथे ठेवतात, श्रीखंडाचे डबे तिथे ठेवतात. एकदा उन्हाने चक्कर आलेल्या एका व्याह्यांनाही तिथेच ठेवलं होतं. ते संध्याकाळी टवटवीत होऊन बाहेर आले, फक्त थोडे पिवळे दिसत होते.

"ठेव बापा, माह्या खोलीत," आबा म्हणाले. "तिथं उन्हाळा येत नाही."

म्हणून आम्ही ओलेच गोळे क्रेटमध्ये भरले. वाळायची वाट कोण बघणार? आत वाळतील की. साडूने आणि मी दिवसभर क्रेट वाहिले, एकावर एक रचले, दार लावलं. आणि आमच्या हातून जगातली सगळ्यात सुरक्षित गोष्ट झाली असं समजून आम्ही दोन-दोन ग्लास उसाचा रस प्यायलो.

आठ दिवसांनी वादळ आलं. आमच्याकडे पावसाआधी असं वादळ येतं आणि उभ्या बागा झोपवून जातं. त्या दिवशी असा वारा होता की माझ्या बागेतली केळी मध्य प्रदेशात जाऊन पिकली. हे मी हसत सांगतो, तेव्हा हसलो नव्हतो. घडांनी भरलेल्या बागा तासाभरात आडव्या. विजेचे खांब आडवे. त्यानंतर पाच-सहा दिवस गावात कोणी कोणाला विचारलं नाही. जो तो आपापल्या बागेत, पडलेल्या झाडांचे घड सोडवत, व्यापाऱ्याला फोन करत. वीज नव्हती. आबांच्या खोलीचं यंत्र बंद होतं. आत ओल होती, गरमी होती, गॅस तसाच कोंडलेला होता, आणि दार घट्ट लावलेलं होतं.

वीज आल्यावर साडूने दार उघडलं. मी मागे उभा होतो. त्याचा आवाज आधी आला.

"भाऊ! बठ्ठा गोया उगी ग्यात!"

मी आयुष्यात बघितलेलं सगळ्यात दाट जंगल त्या खोलीत होतं. यात मी एक पानही वाढवून सांगत नाही. प्रत्येक क्रेटच्या प्रत्येक भोकातून कोंब बाहेर आले होते. पांढरट, लांब, अंधारात उजेड शोधत एकमेकांच्या अंगावर चढलेले. काहींना दोन दोन फिक्या पानांच्या जोड्या. खालच्या क्रेटमधली मुळं वरच्या क्रेटमध्ये शिरली होती. आणि वास असा, की पावसाळ्यात सातपुड्यात आत गेल्यावर येतो तो. आमच्या टेकडीवर तो माझ्या हयातीत कधी आला नव्हता.

साडूने हळूच एका कोंबाला बोट लावलं. "आते काय करानं?"

बाहेर पाऊस कुठेच नव्हता. आकाश तव्यासारखं. साहेबांचा गोळे टाकायचा कार्यक्रम चार दिवसांवर: मंडप सांगितलेला, पाहुणे ठरलेले. मी आबांकडे गेलो. आबांनी खोलीत डोकावलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "कोनाले सांगू नको. माह्या खोलीचं नाव खराब होईन."

आता, माझ्यापुढे सरळ रस्ता होता. साहेबांना फोन करायचा, अक्काला सांगायचं, कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलायचा, नवीन बी आणायचं. पण मी पारावर सगळ्यांसमोर शब्द दिला होता. आणि ज्याचं अख्खं आयुष्य बोलण्यावर चाललंय, त्याला एक वाक्य मागे घेणं म्हणजे भिंतीतून वीट काढणं वाटतं.

आम्ही क्रेट बाहेर उन्हात काढले. उजेड मिळाला तर कोंब टणक होतील, अशी माझी समजूत. केळीची रोपं आम्ही अशीच उन्हाला सवयीची करतो. दुपारपर्यंत सगळे कोंब माना टाकून बसले. दुसऱ्या दिवशी काळे दोरे. मग साडूने आणि मी ते दोरे गोळ्यांवरून पुसून काढले, थोडी ओली माती लावली आणि एकेक गोळा तळहातावर पुन्हा वळला. मेलेल्याला नवा सदरा घालतात तसं. या वेळी मात्र खडखडीत वाळवले.

कार्यक्रम दणक्यात झाला. ड्रोन वर गेला तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. गोळे गारांसारखे टेकडीवर पडत होते, टाळ्या वाजत होत्या, साहेबांचा मोबाईल सारखा फोटो काढत होता. मी रिमोट धरून उभा होतो आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. एक गोळा उतारावरून घरंगळत अक्काच्या पायाशी आला. तिने तो उचलला, पदराच्या टोकात बांधला, आणि घराकडे जाऊन शेळ्या दाव्याला लावल्या.

पाऊस आला. भरपूर आला. गोळे विरघळले आणि त्यातून काही म्हणजे काही आलं नाही.

पण दुसरंच काही आलं. मी ऑगस्टमध्ये ड्रोन टेकडीवरून नेला, काय सांगायचं ते ठरवायला, तर पडद्यावर ठिपके दिसले. हिरवे. मी खाली उतरवला, चढून गेलो. खुंटांना फुटवे आले होते. अंजनाच्या खुंटांना, धावड्याच्या खुंटांना, एकेका बुडाशी आठ-आठ दहा-दहा काटक्या, तांबूस पानांच्या. जमिनीखाली मुळं जिवंतच होती. इतकी वर्षं शेळ्या त्यांना वर येऊ देत नव्हत्या एवढंच. आणि आता कोणाचीही शेळी वर जात नव्हती, कारण माझा ड्रोन फोटो काढतो अशी सगळ्यांची खात्री. गावात तर अशी बातमी पसरली होती की ड्रोनला बकरीची जातसुद्धा कळते. ती मी पसरवली नव्हती. मी फक्त नाकारली नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे कमरेपर्यंत आले.

खाली अक्काकडे मात्र शेळ्या कमी होत होत्या. ती केळीची पानं, बांधावरचं गवत, जे मिळेल ते डोक्यावरून आणून घालायची. तेवढ्यात वीस तोंडं भागत नव्हती. दर महिन्या-दीड महिन्याने एखादी यावलच्या बाजारात जायची. मी दिसलो की ती वर हात करून विचारायची, "कसं हाये वर?" मी म्हणायचो, "वाघ यायची भीती आहे अक्का, एवढं झालंय." ती म्हणायची, "येऊ दे. त्याले म्हनावं सहा शेळ्या शिल्लक हायेत, जपून खा."

त्या हिवाळ्यात साहेब पाहणीला आले. सोबत मोजणी करणारे दोघं. त्यांनी चौकोन आखले, गुडघ्यावर बसले, शोधलं. गोळ्यांमधलं एकही रोप सापडलं नाही. फुटवे त्यांच्या कागदात बसत नव्हते. ते जुन्या झाडांचे, योजनेचे नव्हेत.

साहेब माझ्याकडे वळले. "का हो, काय झालं असेल?"

मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. पण जीभ सवयीने पुढे धावली. मी कमरेएवढ्या फुटव्यांकडे हात केला आणि म्हणालो, "ही झुडपं, साहेब. गोळे यांच्यातच अडकले. जमिनीला लागलेच नाहीत."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मला काही वाटलं नाही. माझं बोलणं आजवर कोणी अमलात आणलं नव्हतं. लोक ऐकतात, हसतात, चहा पितात, घरी जातात. माझ्या जिभेला एवढाच अनुभव होता.

भर उन्हाळ्यात यंत्रं आली. पट्ट्याने खांद्याला अडकवायची, पुढे फिरतं पातं असलेली, झुडपं कापायची. दुसऱ्या फेरीचे गोळे नीट जमिनीला लागावेत म्हणून टेकडी साफ करायची, असा आदेश. बाहेरगावचे मजूर सकाळी चढले. घरघर माझ्या अंगणापर्यंत ऐकू येत होती.

अक्का धापा टाकत माझ्या दारात आली. ती कधी माझ्या घरी येत नसे; मीच जायचो.

"कोनी सांगितलं त्याहिले कापायले?"



तिने पदराचं टोक सोडलं आणि एक अर्धा फुटलेला गोळा माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. मधे काळा वाळलेला दोरा, वेटोळं घातलेला. "हे मले पहिल्याच दिवशी कळ्ळं. घरी जाऊन फोडला. बी मेलेलं."

माझ्या तोंडून निघालं, "मग बोलली का नाहीस?"

"काहून बोलू?" अक्का ओट्यावर बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त भीती वाटली. "तुह्या थापेनं टेकडी बंद झाली व्हती. माह्या खऱ्यानं झाली असती का? मी तीस वर्सं सांगत आली, खुंटाले पाच वर्सं श्वास घेऊ द्या, रान आपोआप येईन. कोनं ऐकलं? आभाळातून पडलं म्हनून लोकाइनं मानलं. मंग मी म्हटलं, पडू दे खोटं. खाली खरं वाढून राहिलं ना." मग ती उठली. "आता जाय. फोन लाव त्याले. सांग सगळं."

मी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. पहिल्यापासून सांगितलं: ओले गोळे, आबांची खोली, वादळ, गेलेली वीज, क्रेटमधून वर आलेलं जंगल, काळे दोरे, नवी माती. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता. पलीकडून हसू आलं. साहेब कोणाला तरी म्हणत होते, "ऐका ऐका, आपले खानदेशचे पायलट, केळीच्या खोलीत जंगल उगवलं म्हणतायत." त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि मला म्हणाले, "पुन्हा सांगा ना पहिल्यापासून. तुमच्या गोष्टी फार छान असतात."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले.

"साहेब, आधी कापणी थांबवा," मी म्हणालो.

"अहो, निम्मी झाली की," ते म्हणाले. "आणि कारण तुम्हीच दिलंत."

मी धावत टेकडीवर गेलो. मजुरांच्या मुकादमाने माझं ऐकून घेतलं, बिडी पेटवली, आणि म्हणाला, लेखी आणा. संध्याकाळपर्यंत टेकडी साफ झाली. कापलेल्या काटक्यांचे ढीग दोन दिवसांनी पेटवले. आग ढिगांपुरती राहिली नाही. मे महिना होता. ती खुंटांत शिरली, आणि अंजनाचा जुना खुंट एकदा आतून धुमसायला लागला की आठवडा आठवडा विझत नाही.

दुसऱ्या फेरीचे गोळे बाहेरून बनून आले. चांगले होते, खडखडीत. ते दुसऱ्याच ड्रोनवाल्याने टाकले. त्यातली काही रोपंही आली असतील. पण गावाने काळी टेकडी डोळ्यांनी बघितली होती, आणि त्यानंतर ड्रोनच्या फोटोंना कोणी भ्यायलं नाही. जून सरता सरता आजूबाजूच्या चार गावांची जनावरं वर होती. लोकांचंही काय चुकलं? जे जळायचं ते जळलं होतं.

अक्काने तिच्या शेळ्या वर सोडल्या नाहीत. श्रावणात तिने मला बोलावणं पाठवलं. गुडघ्यांनी चढवत नाही, म्हणाली, मला वरचं दाखव. मी ड्रोन घेऊन गेलो, साडू बॅटऱ्या घेऊन आला. अंगणात पडदा तिच्या मांडीवर ठेवला आणि ड्रोन वर नेला. ती वाकून बघत होती. राखेचे काळे गोल. तरोट्याचं तण. मधून कोणाच्या तरी मेंढ्या, एकामागे एक. मी एकेका खुंटाजवळ ड्रोन खाली नेत होतो, थांबवत होतो, पुढे नेत होतो. अंजनाचे सगळे दाखवले, एकालाही फुटवा नव्हता. साडू माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय बोलतो म्हणून.

"बंद कर," अक्का म्हणाली. "चार्जिंग जाईन."

पोळा झाल्यावर तिच्या शेवटच्या शेळ्या यावलच्या बाजारात गेल्या. त्या न्यायला पिकअप माझीच होती. साडूने चालवली, मी घरी राहिलो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी माझ्या नव्या बागेत पिलं कापायचं काम होतं, म्हणजे केळीच्या बुडाशी येणारे जास्तीचे कोंब विळ्याने काढायचं. मुकादमाला दहा बाया सांगितल्या होत्या. सकाळी गाडीतून बाया उतरल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, आणि सगळ्यांच्या मागून, हात टेकत, अक्का उतरली. मी पुढे झालो. "अक्का, तू कशाला," असं काहीतरी म्हणालो.

तिने डोक्याचं फडकं आवळलं, कमरेचा विळा काढला आणि बागेकडे बघत विचारलं, "कोनत्या ओळीपासून धरू, मालक?"

मी हात करून ओळ दाखवली.